बिनशिक्क्याचं पत्र

१ जून, सोमवार

खुर्ची मिळाली, पण मागची. पुढची साहेबांची. देशाच्या नावाची पाटी त्यांच्यापुढे, त्यांच्या पाठीला मी, आणि माझ्या पायाशी काळी पिशवी. दीडशेच्या वर देश एकाच दालनात! आणि ठरवायचं आहे एकच – सेनापती असो की मंत्री, माणसांची कत्तल करणाऱ्याला जाब विचारणारं कायमचं न्यायालय. आजवर अशी न्यायालयं एकेका युद्धापुरती मांडली आणि गुंडाळली. हे गुंडाळायचं नाही. सहा आठवड्यांत मसुदा पुरा करायचा आहे.

साहेब दिवसभरात चार वेळा माझ्याशी बोलले. ‘पाणी.’ ‘पेन.’ ‘हळू पानं उलटा.’ आणि जाताना, ‘उद्या पावणेनऊ.’ उठण्याआधी नेहमीसारखे कोटाचे खिसे चाचपून पाहिले – डावा, उजवा, आतला. चष्मा, पेन, रुमाल. खात्यात सगळे पाठीमागे त्यांना ‘झडतीसाहेब’ म्हणतात. मी म्हणत नाही. (आज मनात म्हटलं.)

शिष्टमंडळाचा शिक्का माझ्या ताब्यात. पिशवीच्या आतल्या खिशात. तो खिसा वहिनीने शिवून दिलाय, वर बटण. ‘सरकारचा शिक्का हरवलास तर मला तुरुंगात भेटायला यावं लागेल, आणि मला वेळ नाही,’ म्हणाली.

४ जून, गुरुवार

शेजारच्या पाटीमागची बाई बोलकी निघाली. देश वर्णानुक्रमाने बसवलेत, म्हणून ती सहा आठवडे माझी शेजारीण. सरकारी वकील होती, आता शिष्टमंडळात. ‘माझ्या नवऱ्याशेजारी मी सलग एवढी कधी बसले नाही,’ म्हणाली. ‘आणि तुझे साहेब त्याच्यापेक्षा कमी बोलतात. अदलाबदल करायची का?’

हसू दाबताना ठसका लागला. साहेबांनी मान न वळवता पाण्याचा पेला मागे सरकवला.

९ जून, मंगळवार

वहिनीला फोन. मशीनचा आवाज येत होता. शाळेचे गणवेश शिवायला घेतलेत, साठ नग.

ती विचारणार हे माहीत होतं. विचारलंच. ‘तुमचं ते न्यायालय झालं, की दादाचं काय?’

सांगितलं. खोटं सांगून काय करू? न्यायालय सुरू होईल त्या दिवसानंतरचेच गुन्हे ते पाहणार. मागचं नाही. दादाला सीमेवरच्या पुलावरून पलीकडच्या सैनिकांनी ट्रकमध्ये घालून नेलं त्याला सोळा वर्षं झाली. तो पुलाची मोजणी करायला गेला होता. सोबत डबा आणि फीत.

‘म्हणजे आपल्याला काही नाही.’

‘नाही.’

मशीन पुन्हा सुरू झालं. मग थांबलं. ‘पण पत्र तरी घेतील का गं?’

 दादाला नेलं तेव्हा ती आपल्या परराष्ट्र खात्याच्या खिडकीवर अर्ज घेऊन गेली होती – सीमेपलीकडचं प्रकरण म्हणून तिकडे. अकरा वेळा गेली. अर्ज कुणी घेतलाच नाही. घेतला असता तर पोच द्यावी लागली असती. पोच दिली तर उत्तर द्यावं लागलं असतं. मी पुढे त्याच खात्यात नोकरीला लागले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘आतून खिडकी कशी दिसते ते सांग.’ ती स्वतः त्या इमारतीची पायरी पुन्हा चढलेली नाही. माझा डबा विसरला तरी फाटकावर देऊन जाते.

१९ जून, शुक्रवार

आज एक नवं कलम आलं. तीन ओळी. कोणत्याही माणसाने न्यायालयाला पत्र लिहिलं तर न्यायालयाने ते घेतलंच पाहिजे, आणि लेखी पोच दिलीच पाहिजे. सरकारची शिफारस नको. शिक्का नको. ज्याला लिहिता येत नाही त्याचं तोंडी ऐकून लिहून घ्यायचं.

दालनात त्याला ‘पत्राचं कलम’ म्हणायला लागलेत. मोठमोठे मुद्दे सोडून याच्यावर तीन तास! एक म्हणाला, वेड्यांची पत्रं येतील. शेजारीण पाटी उभी करून बोलायला उठली – ‘येतील. त्यांनाही पोच देऊ. सरकारांची वेडी पत्रं आपण रोज घेतोच आहोत.’ मागे कुणीतरी बाक वाजवला.

मी टिपण लिहीत होते. ‘पोच’ शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

२३ जून, मंगळवार

पत्राच्या कलमावर आपल्या देशाचं मत काय असावं याचं टिपण मला करायचं होतं. केलं. पण झोप लागेना – हे माझं मत की वहिनीचं? सकाळी साहेबांना सांगून टाकलं. माझा भाऊ असा असा गेला, वहिनीचा अर्ज कुणी घेतला नाही, म्हणून माझं टिपण एकतर्फी वाटण्याची शक्यता आहे, हवं तर दुसऱ्याकडून करून घ्या.

साहेबांनी कॉफीचा कप खाली ठेवला. ‘कोणतं वर्ष?’

सांगितलं.

‘अर्ज कुठे दिला होता?’

‘आपल्याच खात्यात. खिडकीवर. आवक शिक्का नाही म्हणून घेता येत नाही म्हणाले. दर वेळी.’

साहेबांनी खिसे चाचपले. डावा, उजवा, आतला. उठायचं नव्हतं तरी.

‘टिपण ठीक आहे,’ म्हणाले. ‘दुसऱ्या पानावर समास कमी सोडलाय.’

बस! एवढंच. माणूस आहे की कपाट?

२९ जून, सोमवार

अध्यक्ष थकलेत. उरलेली सोपी कलमं त्यांनी मौनावर टाकलीत. म्हणजे असं – मजकूर सगळ्यांना वाटला. गुरुवारी दुपारी बारापर्यंत कुणी लेखी हरकत दिली नाही, तर तो मंजूर. हरकत एकाच देशाची आली तरी कलम गळणार, कारण पुन्हा चर्चेला आता वेळच उरलेला नाही. हरकतीवर शिष्टमंडळप्रमुखाची सही आणि शिष्टमंडळाचा शिक्का हवा, आणि ती तिसऱ्या मजल्यावर नोंदणीच्या खिडकीवर पोचायला हवी.

यादीत पत्राचं कलम आहे.

तीन दिवस दीडशे देशांनी गप्प बसायचं! शेजारीण म्हणते, ‘गुरुवारी बारापर्यंत मी शिंकणारसुद्धा नाही.’

१ जुलै, बुधवार

राजधानीतून फॅक्स. पत्राच्या कलमाला हरकत नोंदवा. कारण – ‘नागरिकांनी परस्पर पत्रव्यवहार करणे शासनाच्या प्रतिष्ठेस बाधक.’

साहेबांनी वाचून माझ्याकडे दिला. ‘उद्या सकाळी टाइप करा.’

मी म्हटलं, ‘साहेब, एकदा फोन करून पाहता येईल का?’

‘केला,’ म्हणाले.

वहिनीला फोन करणार होते. केला नाही. काय सांगू?

२ जुलै, गुरुवार

क्रमाने लिहिते. नाहीतर उद्या मीच मला वेगळं सांगेन.

साडेनऊ – हरकतीचं पत्र टाइप केलं, साहेबांना दिलं. वरचा समास चुकलाय म्हणाले. टंकलेखन खोली तळमजल्यावर. पुन्हा केलं. सव्वादहा – तारीख उजवीकडे हवी. पुन्हा गेले. मनात म्हटलं, माझ्या वहिनीच्या पत्रावर दगड ठेवतेय मी, आणि हा माणूस समास मोजतोय! पिशवी खुर्चीपाशीच होती, नेहमीसारखी.

अकरा दहा – साहेबांनी सही केली. सावकाश, शाई वाळेपर्यंत धरून बसले. ‘शिक्का मारून वर द्या.’

अकरा पंधरा – पिशवी उघडली. खिशाचं बटण लावलेलं होतं. आत शिक्का नव्हता.

सगळी पिशवी बाकावर उपडी केली. कागद, शाईची गादी, वहिनीने दिलेली सुईदोऱ्याची डबी. शिक्का नाही. साहेब म्हणाले, ‘निवासावर पाहा.’ टॅक्सी. खोली. गादीखाली, न्हाणीघरात, बुटातसुद्धा पाहिलं. नाही. परत. बाराला दहा कमी. साहेब म्हणाले, ‘तसंच घेऊन जा.’

जिना चढले. खिडकीवर दोन चष्मे लावणारी बाई – एक डोळ्यांवर, एक केसांत. तिने पत्र नीट वाचलं, मागची बाजूही पाहिली, आणि माझ्याकडे सरकवलं.

‘यावर शिक्का नाही.’

‘सही आहे. मी इथेच उभी आहे. आमचा देश खरा आहे!’ हे मी खरंच बोलले.

‘माझ्या हातात असतं तर घेतलं असतं हो,’ म्हणाली. ‘पण शिक्क्याशिवाय घेता येत नाही.’

मी खिडकीशी उभी, हातात न घेतलेलं पत्र, आणि भिंतीवरचा काटा पुढे सरकतोय. वहिनी अकरा वेळा अशी उभी राहिली. मी एकदाच. बारा वाजले. बाईने नोंदवही मिटली.

खाली आले तेव्हा अध्यक्ष वाचत होते – हरकत नाही, हरकत नाही, हरकत नाही. पत्राचं कलम – हरकत नाही. मंजूर. शेजारीण उडालीच. मला मिठी मारून म्हणाली, ‘तुम्ही लोक हरकत घ्याल अशी भीती होती मला!’

मी रडले. तिला वाटलं आनंदाने. आनंदानेच बहुतेक. हाच तर घोळ आहे.

३ जुलै, शुक्रवार

शिक्का सापडला. पिशवीत. वहिनीने शिवलेल्या खिशात. बटण लावलेलं.

काल मी त्या खिशात हात घातला होता ना? घातला होता. की बटण पाहिलं आणि घातला असं वाटलं? अकरा वर्षांत शिक्का एकदाही विसरले नाही. कालच कसा? मला तो सापडायलाच नको होता का? हाताला मनाने सांगून ठेवलं असेल तर?

साहेबांना दाखवला. त्यांनी पाहिला. ‘जपून ठेवा,’ म्हणाले.

६ जुलै, सोमवार

राजधानीतून खुलासा मागितलाय. सूचना असताना हरकत का नोंदली गेली नाही?

मी माझा खुलासा लिहिला. दोन पानं. जे घडलं ते सगळं, शिक्का दुसऱ्या दिवशी जागेवरच सापडला हेही. नोकरी गेली तर गेली. वहिनीच्या मशीनवर काज-बटणं करायला बसेन.

साहेबांनी दोन्ही पानं वाचली. चौकोनी घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवली. मग स्वतः एक ओळ लिहिली – ‘शिक्का वेळेवर उपलब्ध होऊ शकला नाही. जबाबदारी माझी.’

‘साहेब, चूक माझी आहे.’

‘एका चुकीला दोन मालक नसतात,’ म्हणाले. ‘फाइल गोंधळते.’

त्यांना निवृत्तीआधी राजदूत म्हणून जायचं होतं. नाव यादीत होतं हे सगळ्या खात्याला माहीत आहे. आता राहील का? माझ्यामुळे!

१० जुलै, शुक्रवार

दुपारी तीन. शेवटचं मतदान. आपण तटस्थ – तशी सूचना. तरीही कायमचं न्यायालय मंजूर झालं! आकडा फलकावर आला आणि सहा आठवडे एकमेकांच्या स्वल्पविरामांवर भांडलेली माणसं बाकांवर चढली. एक म्हातारा प्रतिनिधी आपल्याच पाटीचा मुका घेत होता. शेजारणीने मला धरून गोल फिरवलं, माझी चप्पल तुटली. साहेब टाळ्या वाजवत होते. मोजून, पण बराच वेळ.

जाताना सगळ्यांचे फोटो काढले. एकात साहेब, मी आणि मधे शेजारीण.

वहिनीला फोन केला. ‘पत्र घेतील,’ म्हटलं. ‘कुणाचंही. पोच देतील.’

 ती म्हणाली, ‘गणवेश झाले. साठच्या साठ.’ आणि नाक ओढलं.

हलकं वाटतंय. खूप. पण त्यात एक खडा आहे, तो साहेबांचा.

१८ मार्च, चार वर्षांनी

कपाट आवरताना ही वही निघाली. मध्ये तो फोटो. हा मी कधी भिंतीवर लावला नाही, वहिनीलाही दाखवला नाही. साहेबांना राजदूतपद मिळालं नाही. निरोपाच्या दिवशी त्यांनी खात्याला एक कुंडी दिली आणि गेले. मी ‘माफ करा’ म्हणाले, तर म्हणाले, ‘कुंडीला पाणी घाला.’ घालते.

उरलेली पानं कोरी आहेत, आणि लिहिण्यासारखं घडलंय. पुरेशा देशांनी मान्यता दिली – सरकार बदलल्यावर आपणही – आणि न्यायालय या महिन्यात सुरू झालं. पहिल्या आठवड्यात वहिनीने पत्र पाठवलं. मी समजावलं होतं, दादाचं प्रकरण जुनं, त्यांच्या हाती काही नाही. ‘ठाऊक आहे,’ म्हणाली. ‘मी काही मागितलेलं नाही. काय झालं ते लिहिलंय फक्त. वीस वर्षं मी एकटीच ते सांभाळतेय. आता त्यांच्याकडेही असू दे.’

९ एप्रिल

पोच आली!!

अर्धं पान. पत्राची तारीख, नोंद क्रमांक, दादाचं नाव – बिनचूक. खाली लिहिलंय की हा काळ न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, परंतु पत्र कायम जतन केलं जाईल. वहिनीने तीनदा वाचून घेतलं माझ्याकडून. मग कात्रीने फाडलेल्या पाकिटाची कड नीट कापली, टोकं जुळवली, आणि ते दादाच्या मोजणीच्या फितीशेजारी ठेवलं – पुलावर सापडली होती ती.

‘घेतलं,’ म्हणाली. दिवसभर तेच. भाजी चिरताना, मशीनवर, मध्येच – ‘घेतलं गं त्यांनी.’

संध्याकाळी तिने वीस वर्षांत पहिल्यांदा दादाची नक्कल केली. तो पूल मोजताना कंबरेवर हात ठेवून कसा उभा राहायचा ती. हसून हसून पोट दुखलं दोघींचं.

१३ एप्रिल

आज वाटलं, आता सगळं सांगावं तिला. हरकतीचं पत्र, शिक्का, खिडकी – सगळं. सांगितलं. फोटोही दाखवला. ‘ही शेजारीण. आणि हे साहेब. माझ्या विसरण्याची भरपाई यांनी केली.’

वहिनीने फोटो उजेडात नेला. चष्मा लावला.

‘हा माणूस उठताना खिसे चाचपतो का? डावा, उजवा, मग आतला?’

मी मान डोलावली.

‘केस काळे होते तेव्हा,’ म्हणाली. ‘खिडकीवर हाच असायचा. अकराही वेळा. म्हणायचा, बाई, शिक्का जागेवर नाही. आणि मग खिसे चाचपायचा.’

मला राग येईल असं वाटलं होतं. तो तिला यायला हवा होता. ती म्हणाली, ‘डोळे वर करून कधी बोलला नाही बिचारा. वरून सांगितलेलं असणार.’ आणि मशीनवर जाऊन बसली.

मी मात्र बसून आहे. टिपणाच्या दिवशी त्यांनी वर्ष विचारलं होतं. तीनदा मला तळमजल्यावर पाठवलं – नाही, दोनदा. दोनदाच. पिशवी खुर्चीपाशी होती. त्यांच्या खुर्चीपाशी.

१४ एप्रिल

सकाळी साहेबांना फोन केला. वहिनीला पोच आली हे सांगितलं.  मग सरळ विचारलं, ‘साहेब, त्या दिवशी शिक्का कुठे होता?’

‘माझ्या कोटात,’ म्हणाले. ‘आतल्या खिशात. खिडकीवरचा शिक्काही तिथेच असायचा.’